प्रिन्स फिलिप यांचा स्वभाव आणि त्यांचा अनौपचारिक चांगुलपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलिझाबेथ राणींचे पती प्रिन्स फिलिप ९ एप्रिल २०२१ रोजी विंडसर येथे निवर्तले, तेव्हा त्यांची शंभरी पूर्ण व्हायला अवघे दोन महिने उरले होते. त्यांच्याविषयी वाचकांच्या पत्रांतून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणाला त्यांचे नेमके स्थान समजून घ्यायचे असते, कुणाला त्यांची फटकळ वक्तव्येच तेवढी आठवत असतात, तर अशा माणसाचा चांगुलपणा आठवायचा तरी कसा, असा कुणाला प्रामाणिक पेच पडलेला असतो. ते प्रश्न वाचकांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून उत्तरांत जागोजागी दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. प्रिन्स फिलिप मूळचे कुठले? ते इंग्रज होते का?

त्यांचा जन्म १० जून १९२१ रोजी ग्रीसमधील कॉर्फू बेटावर झाला. वडील प्रिन्स अँड्र्यू हे ग्रीसचे राजे पहिले जॉर्ज यांचे पुत्र होते आणि आईच्या बाजूने फिलिप हे व्हिक्टोरिया राणींचे खापरपणतू लागत. १९२२ मध्ये ग्रीसमधील सत्तापालटानंतर कुटुंबाला देश सोडावा लागला. ब्रिटिश युद्धनौकेवरून निघताना दीड वर्षाच्या फिलिपला फळांच्या लाकडी खोक्यात निजवले होते, ही हकिकत बहुतेकांनी वाचलेली असते. पुढे ते ब्रिटिश नौदलात दाखल झाले, दुसऱ्या महायुद्धात लढले, १९४७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला त्यांचा राजकन्या एलिझाबेथ यांच्याशी विवाह झाला. सासरी नांदायला आलेल्या सुनेप्रमाणे त्यांनी नाव, धर्मपंथ आणि देश हे सगळे बदलले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

२. राणीचे पती असूनही त्यांना 'राजा' का म्हणत नसत?

ब्रिटिश रिवाजानुसार राजाची पत्नी राणी होते, परंतु राज्य करणाऱ्या राणीचा पती राजा होत नाही. फिलिप यांना विवाहाच्या वेळी 'ड्यूक ऑफ एडिनबरा' हा किताब मिळाला आणि १९५७ मध्ये राणींनी त्यांना युनायटेड किंगडमचे 'प्रिन्स' केले. राज्यकारभारात त्यांना कोणताही घटनात्मक अधिकार नव्हता. २ जून १९५३ रोजी राज्याभिषेकाच्या वेळी त्यांनी पत्नीपुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली. ज्यात ते रमले होते आणि ज्यात त्यांना बढतीची खात्री होती, ती नौदलातील सेवा त्याआधीच थांबली होती. मुलांना आपले आडनाव लावता येत नाही याची त्यांना उघड खंत होती. १९६० मध्ये त्यावर 'माउंटबॅटन-विंडसर' असा अंशतः तोडगा निघाला.

३. 'अनौपचारिक चांगुलपणा' म्हणजे नेमके काय? राजघराण्यातील सगळेच लोक हसतमुखाने हात मिळवतात.

हात मिळवणे हे त्या पदाचे काम झाले. पदाने बांधून दिलेले नव्हते असे ते काय करत, एवढेच या पानावर विचारात घेतले आहे. राणींच्या लोकभेटीच्या वेळी एखादे मूल हातात फुले घेऊन लोखंडी कठड्यामागे ताटकळत असे आणि राणी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असत. अशा वेळी फिलिप त्या मुलाला काखेत धरून उचलत, कठड्याच्या अलीकडे उभे करत आणि राणींकडे जायला सांगत. त्यांच्या निधनानंतर ज्या आठवणी आल्या, त्यांत ही गोष्ट वेगवेगळ्या गावांच्या आणि वेगवेगळ्या वर्षांच्या संदर्भात पुन्हा पुन्हा आली. मला ती फार बोलकी वाटते, कारण तीत भाषण नाही आणि देणगीही नाही. एका मुलाची अडचण त्यांच्या नजरेला पडली आणि दोन हातांनी ती दूर झाली, एवढेच तीत आहे.

घरातही त्यांचे वागणे असेच होते. बकिंगहॅम राजवाड्यात साधा निरोप पोचवायला सेवकांना लांबलांब दालने ओलांडावी लागत, म्हणून त्यांनी अंतर्गत दूरध्वनीची सोय करून घेतली. समारंभाच्या वेळी सेवकांनी केसांना पावडर थापण्याची जुनी पद्धतही त्यांनी बंद पाडली. स्कॉटलंडमधील बालमोरल येथे उन्हाळ्यात पंतप्रधान पाहुणे म्हणून येत. तेव्हा माळावर निखारे पेटवण्यापासून मांस भाजण्यापर्यंतचे काम ड्यूक स्वतः करत आणि जेवणानंतर भांडी विसळायला राणी उठत. देशाचा कारभार चालवणारी माणसे हे पाहून बावरून जात, असे त्यांच्यापैकी काहींनी पुढे सांगितले आहे.

४. त्यांचे बालपण फार एकाकी होते असे ऐकले. त्याचा स्वभावावर परिणाम झाला असेल का?

झाला असणारच, मात्र त्याचे थेट गणित मांडण्याचा मोह टाळावा. ते जेमतेम नऊ वर्षांचे असताना आईला मानसिक आजारामुळे स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामात न्यावे लागले, वडील फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहू लागले आणि चारही बहिणी थोड्याच काळात लग्न होऊन जर्मनीत गेल्या. सुट्टी लागली की कुठल्या नातलगाकडे जायचे, हे त्या मुलाला दर वेळी नव्याने ठरवावे लागे. नोव्हेंबर १९३७ मध्ये त्यांची बहीण सेसिली, तिचे पती आणि दोन लहान मुलगे विमान अपघातात दगावले. फिलिप तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि स्कॉटलंडमधील गॉर्डनस्टन शाळेत शिकत होते. ही बातमी त्यांना मुख्याध्यापक कुर्ट हान यांनी सांगितली.

या सगळ्याबद्दल त्यांनी नंतरच्या आयुष्यात कधी गळा काढला नाही. कुटुंब विखुरले आणि पुढे चालत राहणे भाग होते, अशा अर्थाचे एखादे वाक्य बोलून ते विषय संपवत. हा कोरडेपणा काहींना खटकतो. मला त्यात स्वतःच्या दुःखाने दुसऱ्याचा वेळ न घेण्याची सवय दिसते. इतर कुणावर तसाच प्रसंग आला की मात्र हा माणूस नेमका तेथे हजर असे (प्रश्न ६ पाहा).

५. त्यांच्या आईविषयी कुतूहल आहे. दोघांचे नाते कसे होते?

राजकन्या ॲलिस जन्मतः बहिऱ्या होत्या आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत. आजारातून सावरल्यावर त्या अथेन्सला परतल्या. जर्मनांनी ग्रीस व्यापलेला असताना त्यांनी कोहेन नावाच्या ज्यू कुटुंबातील आई आणि मुलांना आपल्या घरात लपवून वाचवले. युद्धानंतर त्यांनी जोगिणीचा करडा वेष घेतला आणि सेवाकार्यासाठी एक भगिनीसंघ स्थापन केला. राज्याभिषेकालाही त्या त्याच वेषात आल्या होत्या. १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्करी उठाव झाल्यावर मुलाने आणि सुनेने त्यांना बकिंगहॅम राजवाड्यात आणले आणि तेथेच डिसेंबर १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. जेरुसलेममध्ये आपले दफन व्हावे ही त्यांची इच्छा १९८८ मध्ये पूर्ण झाली.

इस्रायलच्या याद वाशेम स्मारकाने त्यांचा मरणोत्तर गौरव केला, त्यासाठी फिलिप १९९४ मध्ये जेरुसलेमला गेले. आपण काही विशेष केले असे आईच्या मनातही आले नसावे, संकटातील माणसांसाठी माणसाने जे करायचे तेच तिने केले असे तिला वाटले असावे, अशा आशयाचे ते तेथे बोलले. चांगुलपणाविषयीची त्यांची स्वतःची धारणाच त्या बोलण्यात उमटली, असे मला वाटते. ॲलिस यांनी त्या घटनेविषयी आयुष्यभर घरातही फारसे काही सांगितले नव्हते.

६. राजकन्या डायना यांच्याशी ते कठोर वागले, की त्यांनी मदत केली?

त्यांनी मदत केली, याचे लेखी पुरावे आहेत. १९९२ मध्ये चार्ल्स आणि डायना यांचा संसार मोडकळीला आला असताना फिलिप यांनी सुनेला बरीच पत्रे लिहिली आणि तिनेही 'डिअरेस्ट पा' अशा मायन्याने उत्तरे पाठवली. डायना यांच्या मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत या पत्रव्यवहाराचा काही भाग वाचला गेला, तेव्हा सासऱ्याने सुनेला छळल्याच्या कहाण्यांना बराच छेद गेला. त्या पत्रांत उपदेश आहे, क्वचित कान उघाडणीही आहे, परंतु बाहेरून या घराण्यात आलेल्या माणसाची घुसमट आपल्याला ठाऊक आहे, हा सूरही स्पष्ट आहे.

सप्टेंबर १९९७ मधील प्रसंग याहून मोठा आहे. आईच्या शवपेटीमागून चालायचे की नाही, या प्रश्नावर पंधरा वर्षांचा विल्यम अडला होता. शहात्तर वर्षांचे आजोबा त्या मिरवणुकीत चालणार नव्हते. त्यांनी नातवाला समजावत बसण्याऐवजी 'मी चाललो, तर तू माझ्याबरोबर चालशील का?' असे विचारले. ६ सप्टेंबरला विल्यम, बारा वर्षांचा हॅरी, वडील, मामा आणि आजोबा असे पाच जण लंडनच्या रस्त्यांवरून चालत गेले. मुलांना त्या दिवशी चालायला लावणे योग्य होते का, यावर आजही मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. आजोबांनी मात्र जे मुलांकडून अपेक्षित होते ते स्वतः त्यांच्या बरोबरीने केले.

७. राणींना त्यांचा नेमका आधार कोणता होता?

६ फेब्रुवारी १९५२ रोजी दोघे केनियाच्या दौऱ्यावर असताना राजे सहावे जॉर्ज गेल्याची वार्ता प्रथम फिलिप यांच्या कानावर आली. त्यांनी पत्नीला बागेत फिरायला नेले आणि दोघेच असताना वडील गेल्याचे सांगितले. पंचवीस वर्षांची ती मुलगी त्या क्षणी राणी झालेली होती, पण ती बातमी तिला दरबाऱ्यांच्या घोळक्यात ऐकावी लागली नाही. १९९७ मध्ये विवाहाच्या सुवर्णमहोत्सवात राणींनी या साऱ्या वर्षांत पतीच आपले बळ आणि आधार होते, असे जाहीरपणे सांगितले. स्तुती सहज स्वीकारणारा हा माणूस नव्हे, हेही त्यांनी त्याच भाषणात नोंदवले. ऑगस्ट २०१७ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते सार्वजनिक कामातून निवृत्त झाले, तोवर त्यांनी एकट्याने २२,२१९ कार्यक्रम केले होते.

८. 'ड्यूक ऑफ एडिनबरा' पुरस्कार म्हणजे हुशार मुलांची स्पर्धा असते का?

नाही, आणि पालकांनी हा गैरसमज मुद्दाम दूर करून घ्यावा. १९५६ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमामागे कुर्ट हान (प्रश्न ४) यांची शिकवण होती आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट हे त्याचे पहिले संचालक होते. यात कुणाला हरवायचे नसते. सेवा, कौशल्य, शारीरिक क्षमता आणि साहसी प्रवास या अंगांनी मुलाने स्वतःपुढे उद्दिष्ट ठेवायचे आणि कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण पातळीपर्यंत पोचायचे असते. परीक्षेत मागे पडणारे किंवा अपंगत्व असलेले मूलही सुवर्ण मिळवू शकते. सुरुवातीला केवळ मुलांसाठी असलेला हा उपक्रम १९५८ मध्ये मुलींनाही खुला झाला, आज तो शंभराहून अधिक देशांत चालतो आणि भारतातील शाळा-महाविद्यालयांतही राबवला जातो. ज्याला लहानपणी हक्काचे घर नव्हते, त्याने परक्यांच्या मुलांसाठी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची एवढी मोठी व्यवस्था उभी केली, याचे मला फार मोल वाटते.

९. गांधीजींनी त्यांच्या लग्नात पंचा भेट दिला होता, हे खरे आहे का?

भेट खरी आहे, पंचा हा गैरसमज आहे. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या सुचवण्यावरून गांधीजींनी स्वतः सूत कातले आणि त्यातून मध्यभागी 'जय हिंद' अशी अक्षरे असलेला जाळीदार रुमाल विणून घेतला. भेटवस्तूंच्या प्रदर्शनात तो पाहून वधूची आजी, मेरी राणी, यांना तो गांधीजींच्या कमरेचे वस्त्र वाटला आणि त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. दरबारातील एका मानकरीण बाईंनी लिहून ठेवलेल्या आठवणीनुसार फिलिप यांनी तेथल्या तेथे त्यांना विरोध केला आणि गांधी हे फार थोर पुरुष आहेत, असे सांगितले. घराण्यात नव्याने आलेला जावई, समोर घरातील सर्वांत वडीलधारी स्त्री आणि विषय साम्राज्याशी लढलेल्या माणसाचा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोन वाक्यांचे वजन कळते. राणींनी तो रुमाल जपला आणि पुढे अनेक दशकांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना भेटीत दाखवला.

१०. मग त्यांची ती अपमानकारक वक्तव्ये? 'फणसासारखा माणूस' म्हणून ती सोडून द्यायची का?

सोडून देऊ नयेत. १९८६ मध्ये चीनच्या दौऱ्यावर तेथे शिकणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांनी चिनी लोकांच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून जे उद्गार काढले, ते वांशिक हेटाळणीचेच होते आणि असे प्रसंग एकापेक्षा अधिक आहेत. फणसाची उपमा बरेच वाचक देतात, परंतु ती मला पटत नाही. गरे गोड आहेत म्हणून काटा लागलेल्या माणसाने तक्रार करू नये, असे तीत गृहीत धरलेले असते.

समजून घेण्यासाठी एक गोष्ट सांगता येते. राजघराण्यातील माणूस समोर येताच रांगेतील लोक आखडून जातात. अशा वेळी काहीतरी अनपेक्षित बोलून त्यांना हसवायचे आणि मोकळे करायचे, ही त्यांची जुनी पद्धत होती. हजारो वेळा ती साधली आणि समोरच्या माणसाने ती आठवण आयुष्यभर प्रेमाने सांगितली. जेव्हा चुकली, तेव्हा दुखावणारा राजवाड्यातला आणि दुखावलेला सामान्य माणूस, अशी विषम स्थिती होती. म्हणून त्यांचे स्मरण करताना हातांनी केलेले आणि जिभेने केलेले, दोन्ही लिहावे असे माझे मत आहे. त्यांच्या हातांची बाजू भक्कम होती आणि जिभेची बाजू कच्ची होती.

११. जालियनवाला बागेत ते काय बोलले होते? भारतीयांनी ते कसे विसरावे?

विसरण्याची गरज नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये राणी आणि फिलिप अमृतसरला गेले. राणींनी स्मारकापाशी पुष्पचक्र वाहिले. तेथील फलकावर सुमारे दोन हजार हिंदू, शीख आणि मुसलमानांच्या रक्ताने ही भूमी भिजल्याचा उल्लेख होता. तो वाचून फिलिप यांनी हा आकडा फुगवलेला आहे आणि त्यात जखमीही धरलेले असावेत, असे म्हटले. जनरल डायरचा मुलगा नौदलात आपल्याबरोबर होता, असा त्याला त्यांनी आधार दिला. त्या वेळच्या सरकारी नोंदीत ३७९ मृत्यू आहेत आणि भारतीय बाजूचा अंदाज हजाराच्या वर आहे. आकड्यांचा वाद इतिहासकार घालू शकतात. परंतु ज्या सत्तेने गोळ्या झाडल्या तिच्या घराण्यातील माणसाने, गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतींसमोर, डायरच्या मुलाची साक्ष काढणे हे अत्यंत असंवेदनशील होते. प्रश्न ९ मधील फिलिप आणि हे फिलिप एकच आहेत. एकाने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही.

१२. वाघाची शिकार करणारा माणूस वन्यजीव रक्षणाचा अध्यक्ष कसा?

जानेवारी १९६१ मध्ये जयपूरच्या महाराजांचे पाहुणे असताना त्यांनी रणथंबोर येथे वाघ मारला. तेव्हा ते कायद्याने निषिद्ध नव्हते, तरी टीका त्या वेळीही झाली. त्याच वर्षी जागतिक वन्यजीव निधी ही संस्था स्थापन झाली. ते तिच्या ब्रिटिश शाखेचे पहिले अध्यक्ष आणि १९८१ ते १९९६ या काळात आंतरराष्ट्रीय अध्यक्ष होते. पुढची अनेक वर्षे त्यांनी त्या कामासाठी मनापासून खपून काढली. शिकार मात्र त्यांनी पूर्णपणे कधीच सोडली नाही.

१३. कुठल्याशा बेटावर त्यांना देव मानतात म्हणे?

वानुआतु देशातील तान्ना बेटावरच्या काही गावांत तशी श्रद्धा आहे. फिलिप यांना हे कळल्यावर त्यांनी तिची टिंगल केली नाही. त्यांनी स्वाक्षरी केलेले छायाचित्र पाठवले. गावकऱ्यांनी उलट भेट म्हणून डुकराच्या शिकारीचा पारंपरिक सोटा पाठवला, तेव्हा तो हातात धरून त्यांनी पुन्हा छायाचित्र काढून घेतले आणि तेही धाडले. २००७ मध्ये त्या बेटावरचे पाच जण इंग्लंडला आले असता ते विंडसरमध्ये त्यांना भेटले.

१४. अंत्यविधीच्या वेळी रिकाम्या घोडागाडीत एक डबी ठेवली होती. ती कशासाठी?

ती साखरेच्या खड्यांची डबी होती. पोलो खेळणे थांबवल्यावर फिलिप घोडागाडी हाकण्याच्या खेळाकडे वळले आणि नव्वदी ओलांडल्यावरही गाडी हाकत राहिले. १७ एप्रिल २०२१ रोजी त्यांच्या शवपेटीसाठी त्यांच्याच सूचनेनुसार बदल केलेली हिरवी लँड रोव्हर गाडी होती. करोनाच्या निर्बंधांमुळे प्रार्थनागृहात केवळ तीस माणसे होती, राणी बाकावर एकट्या बसल्या होत्या आणि फिलिप यांच्याच इच्छेप्रमाणे कुणी गौरवाचे भाषण केले नाही. बाहेर चौकात त्यांची गडद हिरवी गाडी उभी होती, तिला बालमोरल नेव्हिस आणि नॉटलॉ स्टॉर्म ही दोन तट्टे जोडलेली होती. आसनावर त्यांची टोपी, हातमोजे आणि ती डबी ठेवलेली होती. फेरी संपली की तट्टांना साखर द्यायची, हा त्यांचा परिपाठ होता.

१५. म्हातारपणी त्यांनी मोटार ठोकली आणि बायका जखमी झाल्या. त्यांनी माफी मागितली का?

मागितली. १७ जानेवारी २०१९ रोजी सँड्रिंगहॅमजवळ मुख्य रस्त्यावर येताना त्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. वय ९७ होते. दुसऱ्या गाडीत दोन स्त्रिया आणि एक तान्हे बाळ होते. बाळाला काही झाले नाही, परंतु एका स्त्रीचे मनगट मोडले. राजवाड्याकडून नीट विचारपूस झाली नाही, अशी तिची सुरुवातीची तक्रार होती आणि ती चुकीची नव्हती. दोनच दिवसांनी ते पट्टा न बांधता गाडी चालवताना दिसले, तेव्हा लोकांचा राग आणखी वाढला. पुढच्या महिन्यात त्यांनी वाहन परवाना स्वतःहून परत केला आणि सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचा निर्णय घेतला.

मधल्या काळात त्या स्त्रीला त्यांचे पत्र पोचले होते. उतरत्या उन्हामुळे समोरची गाडी दिसली नसावी, एवढाच खुलासा त्यात होता. अपघातातील आपल्या वाट्याच्या चुकीबद्दल आपल्याला अतिशय वाईट वाटते असे त्यांनी लिहिले होते आणि ती लवकर बरी व्हावी अशी इच्छा व्यक्त केली होती. पत्राच्या खाली कोणताही किताब न लिहिता नुसते 'फिलिप' अशी सही होती आणि ते आपल्याला आवडले, असे तिने नंतर सांगितले.